चिंचोक्याचा रंग

त्यानं ते नाणं हातात घेतलं, अंगठ्यानं एकदा फिरवलं आणि माझ्याकडं न बघताच बोटाच्या टोकानं टेबलावरून माझ्या बाजूला सरकवलं. "इदन्न तोळदार री, अक्का." मग मला कन्नड कळलं नसेल असं वाटून मराठीत म्हणाला, "धुतलंय हे." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलासुद्धा. बेळगावात एका हॉलमध्ये जुन्या नाण्यानोटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथली ही गोष्ट. मला काही विकायचं नव्हतं. अण्णांच्या डब्यातली एक शिवराई, शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं, पर्समध्ये घालून नेली होती, ती नक्की कुठल्या काळातली ते कुणा जाणत्याला विचारावं म्हणून. विचारायचं राहून गेलं. नाणं कागदाच्या पुडीत परत घातलं आणि टिळकवाडीपर्यंत रिक्षात ती पुडी मुठीत धरून बसले.

त्या माणसाचं काही चुकलं नाही. त्याला दोन सेकंदांत दिसलं ते खरंच होतं. तरी पुढचे आठ-दहा दिवस तो शब्द डोक्यातून जाईना. चहा गाळताना, कपडे वाळत घालताना मध्येच आठवायचा. धुतलंय. आपल्याकडं या शब्दाला किती मान आहे. धुतल्या तांदळासारखा म्हटलं की त्याच्याहून चांगला माणूस नाही. सणाला धुतलेलं सोवळं, धुतलेल्या पायऱ्या, धुतलेले पाय. आणि इथं एक माणूस तोच शब्द डाग असल्यासारखा उच्चारून नाणं परत सरकवतो.

त्या शिवराईचा रंग सांगायला हवा. लहान बाळाच्या टाचेसारखा गुलाबी. घासलेल्या तांब्याच्या तांबूस पिवळ्या चमकेशी त्याचं नातं नाही. हा गुलाबी मंद आहे, उजेडात धरला तरी परतून काही येत नाही, पीठ लावल्यासारखा वर बसून राहतो. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं कडं. अक्षरांच्या खाचांत मात्र अजून काळं उरलंय, चिंचेचं पाणी तिथवर नीट पोचलं नसावं. त्यामुळं अक्षरं पेनानं गिरवल्यासारखी वाटतात. कड्यातले काही ठिपके एकमेकांत विरघळल्यासारखे झालेत. बोटानं चोळलं तर खरखरीत लागतं, आणि नंतर बराच वेळ बोटांना तो तांब्याचा कडवट वास येत राहतो.

अण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. घरात शिरले की त्यांच्याआधी तंबाखूची भुकटी शिरायची, मग आम्हा भावंडांच्या शिंका. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात कधी कधी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं एखादं नाणं असायचं. माल घालायला येणाऱ्या शेतकऱ्यांना माहीत झालं होतं की दिवाणजींना जुने पैसे आवडतात. कुणाला नांगरटीत सापडलेलं, कुणाच्या विहिरीच्या गाळातलं, कुणाच्या म्हाताऱ्या आईच्या बटव्यातलं. या आमच्या भागाची गंमत अशी की एकाच शिवारातून काहीही निघतं. आदिलशाही फलूस म्हणजे तांब्याचा पैसा निघतो, शिवराई निघते, टिपूचा हत्ती निघतो, दोन सिंह आणि ढाल असलेला १८३५ सालचा कंपनीचा पाव आणा निघतो. मुंबई इलाख्याचा तराजूचा पैसा अण्णांना फार आवडायचा. दोन पारड्यांच्या मधे 'अदल' म्हणजे न्याय, एवढंच लिहिलेलं. आज सीमेच्या अलीकडं-पलीकडं कोण यावर आम्ही लोक जन्मभर बोलत आलोय. त्या डब्यात ते सगळे शेजारी शेजारी पडलेले असायचे.

नाणं घरी आलं की अण्णा त्याला पाणी दाखवायचे, पण ते पाणी नळाचं नसे. पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्यांखाली ते कल्हई केलेलं पातेलं ठेवत, पहिले दोन पाऊस जाऊ देत आणि नंतरचं पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवत. वर्षभर नाण्यांसाठी तेच. मातीनं लदबदलेलं नाणं त्यात चार-चार दिवस पडून राही. मग परसातल्या बाभळीचा काटा घेऊन अण्णा खिडकीशी बसत आणि भिजून सैल झालेली माती अक्षरांतून कणाकणानं उकरत. सुई नाही, ब्रश नाही, राख तर नाहीच. मी शेजारी बसून बघायची. मला ते कानातला मळ काढण्यासारखं वाटायचं. एकदा मी म्हटलं, अण्णा, चिंच लावा की, दोन मिनिटांत लखलखीत होईल. ते म्हणाले, "मळ वेगळा आणि कातडं वेगळं, ताई. मळ काढायचा. कातडं काढलं तर खाली काय उरणार?"

नाण्यांच्या रंगांना त्यांची स्वतःची नावं होती. काळपट तपकिरी, हातात धरलं की मऊ चकाकणारा तो चिंचोकी. जरा लालसर असला तर काथी. हिरवी पुटं चढलेला मोरचुदी. एक होता तो नुसता 'वखारी'. भट्टी लावलेल्या तंबाखूच्या पानाचा रंग, बाहेरच्या माणसाला सांगून कळायचा नाही. त्यांच्या वहीत प्रत्येक नाण्यापुढं हे लिहिलेलं असे. जमाखर्चाच्या लांबट वहीतच, त्याच वळणदार अक्षरात: नाणं, कुठं मिळालं, कुणाकडून, सराफाच्या काट्यावर केलेलं वजन, रंग. माझ्या पर्समधल्या शिवराईची ओळ अशी आहे: 'शिवराई. शिरगुप्पी रस्ता, विहिरीचा गाळ. ९.२४ ग्रॅम. चिंचोकी, उत्तम.' सगळ्या वहीत 'उत्तम' हा शब्द चार ठिकाणीच आलाय.

आता आईचं सांगते. तेही तितकंच खरं आहे.

आईच्या देवघरातलं ताम्हन, पळी, पंचपात्री आणि कलश या घरात कधी काळे दिसले नाहीत. रोज पहाटे मोरीत बसून आमसुलाच्या चोथ्यानं किंवा चिंचेनं, वर चिमूटभर मीठ आणि चुलीची राख. त्याचा आवाज हा माझा लहानपणीचा गजर. आधी ओला, लिबलिबीत, मग राख लागली की कोरडा करकरीत, मग तांब्याभर पाणी ओतल्याचा. त्यानंतर जे ताम्हन बाहेर येई त्यात आपलं तोंड दिसत असे. उन्हात उपडं घातलेलं ते ताम्हन बघून मला अजूनही घर जागं झाल्यासारखं वाटतं. तांबं काळं पडू देणं म्हणजे घरातली बाई आजारी आहे, किंवा घरात काहीतरी घडलंय. कळकलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ताक नासतं, पोटात गेलं तर माणूस ओकतो, ही भीती तिच्या आईनं तिला घातलेली आणि ती खोटी नव्हती. जंगाल चढलं की घासायचं. तांब्याशी वागायची आईची रीत ही, आणि ती प्रेमाची होती. त्याच घरात, दोन खोल्या सोडून, अण्णा तांब्यावरचं काळं जपत बसलेले असायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं या दोन रीती एका छपराखाली नांदल्या. कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा ही सीमा, आणि तिच्या पलीकडं आई गेली नाही.

त्या डब्यात माझंही एक पाप होतं. मी आठ वर्षांची असताना गल्लीत कल्हईवाला बसला होता. नवसागराचा तो पांढरा धूर, तापलेल्या पातेल्यात कापसाचा बोळा फिरला की क्षणात चांदी झाल्यासारखं होणारं भांडं. आम्ही पोरं तासन् तास बघत उभी राहायचो. मी अण्णांच्या डब्यातला एक ढब्बू पैसा आणून कल्हईवाल्याच्या हातावर ठेवला. राणीचं तोंड असलेला, १८६२ चा पाव आणा. म्हटलं, याची चांदी करून द्या. त्यानं हसत करून दिली. गरम नाणं फ्रॉकच्या ओच्यात धरून मी पळत घरी आले आणि अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ नाण्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. वही काढली, त्या नाण्याच्या ओळीत रंगाच्या जागी काहीतरी खोडलं, लिहिलं आणि नाणं परत डब्यात ठेवलं. काय लिहिलं ते मी तेव्हा वाचलं नाही. चांदी झाली याच आनंदात होते.

अण्णा गेले ते आषाढात. निपाणीत पाऊस लागलेला, भिंतींना ओल, काड्यापेटी पेटत नव्हती. दहाव्याला पुरुष नदीवर गेले. घरी बायकांनी सगळं घर काढलं. अंथरुणं, कपडे, भांडी. सुतक फिटायचं तर घरातली एकही वस्तू न धुतलेली राहता कामा नये. मी माडीवर कागदपत्रं शोधत होते, पेन्शनची फाइल, विम्याची पावती. खाली आले तर मागच्या सोप्यात पंचा अंथरलेला आणि त्यावर नाणी. ओळीनं मांडलेली. चाळीस-बेचाळीस असतील. बाहेर पावसाचा करडा उजेड होता आणि त्या उजेडात ती सगळी गुलाबी दिसत होती. शेजारी घमेल्यात चिंचेचं गढूळ, हिरवट पाणी. आई पाटावर बसून शेवटचं नाणं पदरानं पुसत होती. तिचे हात कोपरापर्यंत चिंचेनं माखलेले, बोटांची टोकं सुरकुतलेली, म्हणजे बराच वेळ चाललं असणार.

"आई, काय केलंस हे!"

ओरडले मी. आत्या, काकू, शेजारच्या बायका सगळ्यांनी वळून बघितलं. दहा दिवसांपूर्वी जिचं कुंकू गेलं त्या बाईवर मी माणसांसमोर ओरडले. आई माझ्याकडं बघत म्हणाली, "काळी ठिक्कर पडली होती की गं." आणि पुसायचं काम पुरं केलं. घमेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. डबा मी बेळगावला आणला, वर्षभरानं आईलाही आणलं. डबा कपाटात, आई समोरच्या खोलीत.

काय झालं होतं ते मला पुढं एका मैत्रिणीनं समजावलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तांबं हवेत उघडं राहिलं की त्यावर आधी ऑक्साइडचा एक लालसर थर येतो, क्युप्रस ऑक्साइड. काळ जाईल तसा त्यावर काळपट थर धरतो. जमिनीत पुरलेलं असेल तर ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळून हिरवं कार्बोनेट. हे थर धातूला घट्ट चिकटलेले असतात. नाण्यावरचे बारीक उठाव, अक्षरांच्या कडा या थरांतच टिकलेल्या असतात, कारण वरवरचं तांबंच तर त्यांत बदललेलं असतं. मला अण्णांचं 'कातडं' आठवलं. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक. आम्ल आत गेलं की काळा थर विरघळून जातो. लाल थराचं मात्र वेगळं होतं. त्यातलं अर्धं तांबं पाण्यात उतरतं आणि उरलेलं अर्धं पुन्हा धातू होऊन, भुकटीसारखं, होतं तिथंच बसतं. ती भुकटी म्हणजे तो गुलाबी. हे ऐकताना मला चमत्कारिक वाटलं. मी समजत होते की धुतल्यावर खालचं मूळ तांबं उघडं पडलंय. तर तसंही नव्हतं. टाकसाळीतून निघालं तेव्हाही ते नाणं असं दिसलं नसणार. हा रंग त्या सकाळचा, घमेल्यात जन्मलेला.

मग डबा पुन्हा उघडला आणि एकेक नाणं बघितलं. सगळी सारखी बिघडलेली नव्हती. शिवराया आणि कंपनीचे पैसे, म्हणजे जवळजवळ शुद्ध तांब्याचे, ते सगळ्यात गुलाबी. १९०६ पासून सरकारनं पाव आण्याला तांब्याऐवजी ब्राँझ वापरलं, त्यात कथील आणि थोडं जस्त. ती नाणी पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखी झाली होती. युद्धाच्या काळातला भोकाचा पैसा ब्राँझचाच, तोही तसाच. १९५७ चा नवा पैसा, जो अण्णांनी पहिल्या वर्षीच नवा कोरा ठेवून दिला होता आणि ज्याचा मूळचा लाल तजेला अजून कडेकडेनं टिकून होता, तो आता डागाळलेला. एक-दोन पितळी नाणी होती, त्यांच्यावर गुलाबी ठिपके उमटले होते. पितळातलं जस्त आम्लात आधी निघून जातं आणि तेवढ्या जागेपुरतं तांबं मागं राहतं. वही काढून सराफाकडं वजनं केली. 'उत्तम' शिवराई ९.११ भरली. तेरा सेंटिग्रॅम. त्यात मळ किती, कातडं किती, ते आता कोण सांगणार. मोरीतून गेलं.

आणि हे तिथं थांबलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात, बेळगावची हवा चार महिने कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको, चपलांना बुरशी आणि पापडाला ओल, त्या हवेत चार-पाच नाण्यांवर फिक्या हिरव्या रंगाची पूड दिसू लागली. पुसली की पंधरा दिवसांत पुन्हा. जुनं घट्ट हिरवं असतं ते वेगळं, हे नखानं निघत होतं आणि खाली खड्डा दिसत होता. मैत्रीण म्हणाली, हे मिठाचं काम. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या छिद्रांत शिरून बसतं, दमट हवा मिळाली की त्याचं आम्ल होतं, आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार, असं चक्र. संग्रहालयातली माणसं या रोगाला फार घाबरतात. आम्ही दोघींनी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, एकेक नाणं एकेका काचेच्या वाटीत बुडवलं आणि पाणी बदलत राहिलो. ती बदललेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायची. पाणी दुधाळ झालं की म्हणायची, अजून निघतंय. सात आठवडे निघत होतं. त्या वाट्या खिडकीत मांडलेल्या बघून आई एकदा म्हणाली, "अण्णांसारखं करायलीस." मी काही बोलले नाही. शेवटी पाणी नितळ राहिलं. नाणी पंख्याखाली सुकवून कागदाच्या पाकिटांत घातली, प्लास्टिकच्या नाही. स्वस्त प्लास्टिकमधूनही आम्ल सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकटा धरतो, हे मला तोवर कळलं होतं.

शहापुरात एका कारागिरानं सांगितलं, काळजी करू नका, गंधकाच्या पाण्यात घालून पुन्हा काळी करून देतो, कुणाला कळणार नाही. एक नवा पैसा त्याला दिला. तासाभरात परत मिळाला तो निळसर, जांभळा, कडेला इंद्रधनुष्य. मार लागलेल्या ठिकाणी त्वचा होते तसा. बाकीची मी दिली नाहीत. अण्णांच्या वहीत त्या रंगाला नाव नव्हतं.

परदेशात नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या ज्या कंपन्या आहेत त्या तांब्याच्या नाण्याचे रंगावरून तीन वर्ग करतात: लाल, लाल-तपकिरी, तपकिरी. धुतलेल्या नाण्याला त्या प्रतीचा नेहमीचा आकडा देत नाहीत, नुसता शेरा देतात. म्हणजे प्रदर्शनातल्या त्या माणसानं एका वाक्यात केलं ते जगभर असंच करतात. पटतं मला. कुणी कुठल्या हेतूनं धुतलं हे नाण्यावर दिसत नाही, नाणं बघणाऱ्यानं नाणंच बघायचं असतं. तरी त्याच्या टेबलाशी मला म्हणावंसं वाटलं होतं की अहो, सुतक फिटायचं होतं.

प्रदर्शनानंतर आठ-दहा दिवसांनी एका दुपारी आईसमोर मी तो डबा उघडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. शिवराई तिच्या हातावर ठेवली आणि तो माणूस काय म्हणाला ते सांगितलं. आईला आता कमी दिसतं, तिनं नाणं डोळ्यांजवळ नेलं, मग अंगठ्यानं चाचपलं. "धुतलंय म्हणजे? धुतलंच की मी." मी म्हटलं, धुवायचं नसतं आई. अण्णा धुवू द्यायचे नाहीत. "ठाऊक होतं की मला," ती म्हणाली. मी नुसती बघत राहिले. ती नाण्यावरून बोट फिरवत होती. "इतकी वर्षं ह्यांनी डब्याला हात लावू दिला नाही. सगळं माझ्या हातचं. जेवण, धोतर, औषध, सगळं. हे एवढं सोडून. त्या दिवशी म्हटलं, आता कोण नको म्हणणार." जरा थांबून म्हणाली, "एकेक घासून काढलं. एकही सोडलं नाही."

एक सुटलं होतं, पण ते तिच्यामुळं नव्हे. मी डबा चाळून तो पाव आणा काढला. बाकी सगळ्यांचा रंग चिंचेनं नेला होता, याचा नेला नव्हता. कल्हई जरा मळकट झालेली, राणीच्या गालावर घासून आतलं तांबं डोकावलेलं, पण पांढरा तो पांढराच. अण्णांनी ठेवला होता तसा. वहीत त्याची ओळ शोधली. रंगाच्या जागी आधी 'काथी' होतं. ते एका रेघेनं खोडून पुढं लिहिलंय: 'कल्हई. ताईने. वय ८.' शाई तीच, अक्षर तेच, बाकीच्या ओळींसारखंच. रागाचं एक अक्षर नाही, कौतुकाचंही नाही. नाण्याला जे झालं, ते कुणी केलं आणि ती केवढी होती.

शिवराई आता पूर्वीइतकी गुलाबी राहिलेली नाही, हे आईच्या हातावर बघताना लक्षात आलं. कडेनं फिकट चहाचा रंग धरतोय. चिंचोकी व्हायला माझं आयुष्य पुरणार नाही, आणि झाली तरी ती वेगळीच कुणीतरी असेल, कडेचे ठिपके नसलेली. तरी धरतोय. आईच्या तळहाताचा घाम लागला म्हणून मी नाणं घाईनं परत घ्यायला हात पुढं केला, मग तसाच मागं घेतला. धरू दे म्हटलं.

मी अण्णांची वही मांडीवर घेतली, शिवराईच्या ओळीत 'चिंचोकी, उत्तम' यावर एक सरळ रेघ ओढली आणि पुढं लिहिलं, 'धुतली. आईने. वय ७२.' लिहिताना मोठ्यानं वाचलं.

"बाहत्तर कुठलं," आई म्हणाली. "श्रावण लागायचा होता तेव्हा. एक्काहत्तर लिही."